आखाजीच्या आदल्या दिवशीचा केक

क्रीमचं लोणी झालं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि धुळ्यात लाइट गेलेली होती. भांड्यात एकीकडे पांढरं पाणी, दुसरीकडे पिवळट गोळा. रशीदभाई वाकून बघत म्हणाले, "शेठ, आता हे पावाला लावा अन् खा."

रशीदभाई आमच्या बेकरीचे जुने कारागीर. माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे, त्यामुळे मला टोमणे मारायचा त्यांना हक्कच होता.

साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी असेल. आमच्याकडे पाव, टोस्ट, खारी, नानकटाई. केक म्हणजे डालडा आणि पिठीसाखरेचं आयसिंग. ते वैशाखातही भिंतीच्या गिलाव्यासारखं टिकायचं, चवही साधारण तशीच. ताज्या क्रीमचा, ताज्या फळांचा केक मी मुंबईत शिकलो होतो, पण धुळ्यात कधी कुणी मागितलाच नव्हता. मागितला तो नानांनी.

नाना एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, आमच्याच गल्लीतले. आठ दिवस आधी दुकानात आले, खिशातून पत्र काढलं.

"वसंता, मना पोर्‍या ई राह्यना. नातना वाढदिवस शे. असा केक तुले जमस का?"

पत्र सुनेचं होतं, नातीच्या म्हणजे पिंकीच्या वाढदिवसाला सगळे येताहेत म्हणून. पिंकीने सुरतेत कुणाकडे तरी क्रीमचा, फळांचा केक पाहिला होता, तिला तसाच हवा होता. पत्र वाचून मी नानांकडे बघत राहिलो. सगळ्या गल्लीला माहीत होतं, नानांचा मुलगा विजय याने सुरतेत परजातीच्या मुलीशी लग्न केलं आणि नाना म्हणाले होते, तिच्या हातचं पाणी पिणार नाही. सहा वर्षं पाळलं. मधे पडून समजूत घालायला नानांची बायको, आमच्या काकू होत्या, त्या पौषात गेल्या. विजय तेव्हा एकटाच आला आणि तेराव्यानंतर निघून गेला.

"यावखत तिना हातनं खासू," नाना म्हणाले. "तुनी काकू मरताना बोलनी व्हती. सूनना हातना घास खा. मी हो म्हनेल शे."

"फळं कोणती घालू?"

"तुले समजस ते टाक. बठ्ठं ताजं पाहिजे."

झालं. ऑर्डर-वहीत मी लिहिलं : नाना, एक किलो, ताजी क्रीम, ताजी फळं, संध्याकाळी सहा.

आता क्रीमचं सांगतो. डेअरीतून आणलेली म्हशीच्या दुधाची क्रीम थंडगार असेल तरच फेटल्यावर फुगते. गरम झाली की चार फटक्यांत तिचं लोणी होतं. त्या दिवशी भट्टीपासून लांब, आतल्या खोलीतही अंग भाजत होतं. पहिला लॉट गेला. मी सायकल काढली, डेअरीवर जाऊन हातापाया पडून आणखी क्रीम आणली. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, बारदानात गुंडाळून. परातीत बर्फ, बर्फावर भांडं, दाराला ओलं गोणपाट. मी फेटतोय आणि रशीदभाई पुठ्ठ्याने वारा घालताहेत. या खेपेला क्रीम उभी राहिली. मला रडूच यायचं बाकी होतं.

स्पंज पहाटेच झालेला होता. अंडी आणि साखर कोमट पाण्यावर धरून फेटायची, मैदा अगदी हलक्या हाताने मिसळायचा. हात जड पडला की केक बसतो. माझा बसला नव्हता. त्याचे आडवे तीन थर कापले, प्रत्येकावर साखरेचं पाणी शिंपडलं.

राहिली फळं. डांगर, म्हणजे आपलं खरबूज, पाणी सोडतं. केळी काळी पडतात. द्राक्षं संपत आलेली, आंबट. उरला आंबा. बदाम आंबा बाजारात ढिगाने होता. पण आंबट निघाला तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून एक फोड कापून रशीदभाईंपुढे धरली.

"तुम्ही चाखा. माझं उद्यापर्यंत बंद आहे."

उद्या आखाजी होती, अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आमरसाचं पान वाढतात. त्यांना वाढल्याशिवाय घरचं कुणी आंब्याला तोंड लावत नाही. माणूस गेल्याच्या पहिल्या वर्षी तर सगळेच पाळतात, मी वडिलांसाठी दरवर्षी कडक पाळायचो.

"साखर आहे साखर," रशीदभाई म्हणाले. मग मी तिन्ही थरांत क्रीम आणि आंबा भरला, वरूनही फोडींचं फूल केलं. तीस वर्षांच्या धंद्यात इतका देखणा केक माझ्या हातून झाला नाही.

खाली बर्फ ठेवून रिक्षाने मी स्वतः पोचवला. नाना नवी टोपी घालून बसले होते. मला जाऊ देईनात. पिंकीने केक कापला. सुनेने पहिला तुकडा स्वतःच्या हाताने नानांच्या तोंडाशी नेला. वरचं फूल नानांना रंगीत क्रीमचं वाटलं असावं. त्यांनी तोंड उघडलं, वास आला, आणि तसंच मिटलं.

"आंबा शे का रे याम्हा?"

काकूंची ही पहिली आखाजी होती. पहिली! अख्खी गल्ली त्यांच्या मयताला गेली होती, मीही गेलो होतो. स्वतःच्या बापासाठी फोड चाखली नाही, आणि या माणसाच्या तोंडाशी आंबा आणून ठेवला.

"सकाय तुन्या मायनी घागर शे," नाना विजयला म्हणाले. "तिले वाढाना आगोदर माले चालत नही."

विजय उठलाच. "आई मरताना वचन दिलंत. आता आंब्याचं निमित्त?"

"निमित्त नही रे..."

"विजय, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी विचारायला हवं होतं."

"तुम्ही गप्प बसा."

सुनेने तुकडा ताटलीत ठेवला. पिंकी विचारत होती, आजोबा का खात नाहीत? मी आंबा काढून नुसता थर देतो म्हणालो, पण रस तर सगळ्या स्पंजात मुरला होता. तासाभरात त्यांनी बॅगा भरल्या. नाना एसटी स्टँडपर्यंत मागे गेले, सुरतेच्या गाडीच्या खिडकीपाशी उभे राहिले. खिडकी उघडली नाही.

केक मीच उचलून परत आणला. क्रीम आंबली होती. उकिरड्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी, आखाजीला, दुपारी नाना दुकानात आले. घागर एकट्याने भरली होती. कपाळाला गंध होतं, हातात रिकामा डबा.

"तिले वाढं. आते माले चालस. दे तो केक."

मला तोंड वर करता येईना. "नाना, तो टाकला मी."

"बरं," नाना म्हणाले. थोडा वेळ बाकावर बसले आणि रिकामा डबा घेऊन गेले.

विजय नंतर आला तो नानांना खांदा द्यायलाच. त्या वर्षी नानांची पहिली घागर होती. बायको आणि पिंकीला घेऊन तो आखाजीपर्यंत थांबला, आणि त्याने आंबा खाल्ला नाही. हे मला त्याने स्वतः येऊन सांगितलं.

केक शिकायला पोरं येतात, त्यांना मी क्रीम कशी थंड ठेवायची ते सांगतो. ते कुणालाही जमतं. पण ऑर्डर घेताना किती किलो हे विचारायच्या आधी, यंदा घरात कुणी गेलंय का, हे विचारायला लावतो. पोरं हसतात. मी हसत नाही.