मुरबाडची पाऊण कॅप

परक्या माणसांच्या दातांवर मी सहा वर्षं पोट भरलं, असं म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, ‘सांगा की एखादा किस्सा.’ एक सांगायला घेतला की मागून चार येतात. बायको तेवढ्यात चहा ठेवायला उठते, कारण तिला सगळे पाठ आहेत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुरबाडच्या बाजारपेठेत खताच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. अमेरिकेतले दाताचे डॉक्टर पेशंटला कॅप बसवायचे आणि तिचे पैसे विमा कंपनीकडे मागायचे. तो फॉर्म भरायचं काम आमच्याकडे. प्रत्येक कामाला एक कोड. आमच्या वाट्याला जास्त आली ती धातूची पाऊण कॅप, म्हणजे दाताच्या तीन बाजू झाकायच्या आणि चौथी उघडी ठेवायची. मी सुपरवायझर होतो. आधी कारखान्यात क्लार्क असल्यामुळे माझं इंग्रजी पक्कं, असा माझाच समज होता.

*

टोकावड्याचा रामदास इंटरव्ह्यूला आला. मालकांनी विचारलं, ‘माणसाला दात किती?’

त्यानं तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली. बराच वेळ फिरवली.

‘एकतीस.’

‘अरे, बत्तीस असतात.’

‘असतील सर. माझा एक कुस्तीत गेला.’

मी हसत होतो, पण मालकांनी त्यालाच घेतलं. म्हणाले, ‘हा बघितल्याशिवाय आकडा सांगत नाही. फॉर्मवर मला असाच माणूस हवा.’

*

गावात बातमी पसरली की खताच्या दुकानावर दात बघतात. एका बाजाराच्या दिवशी गाल सुजलेली एक म्हातारी जिना चढून आली.

रामदास म्हणाला, ‘आजी, आमी अमेरिकेतल्या लोकांचे दात बघतो.’

‘मंग मी काय दात घेऊन तिकडं जाऊ?’

बिचारा तिला खालच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथं गप्प बसावं की नाही! डॉक्टर पूर्ण कॅप म्हणाले, तर यानं विचारलं, ‘पाऊण चालेल का?’ संध्याकाळी डॉक्टर तणतणत वर आले. ‘माझ्या पेशंटला सल्ले देणारा कोण आहे इथे?’ रामदासनं त्यांना खुर्ची दिली आणि स्क्रीनवर एक्स-रे लावले. डॉक्टर दीड तास बसले. पुढे आमचं कुठं अडलं की आम्ही त्यांनाच हाक मारायचो, आणि तेही यायचे.

*

एकदा अमेरिकेहून फॉर्म आला, एकोणीस नंबरच्या, म्हणजे खालच्या डाव्या दाढेवर पाऊण कॅप. रामदास अडून बसला.

‘सर, या बाईची एकोणीस नंबर मे महिन्यात काढली. मीच फॉर्म भरला होता.’

‘डॉक्टरनं लिहिलंय ना? भर गुपचूप.’

‘नसलेल्या दाढेला कॅप कशी बसंल, सर?’

शेवटी मी अमेरिकेत, आम्हाला काम देणाऱ्या कंपनीत फोन लावला. तिथल्या मॅनेजरबाई लिंडा यांनी केस तपासली. दाढ तीस नंबरची होती, उजवीकडची. डॉक्टरांनी डावी-उजवी उलटी लिहिली होती. विमा कंपनीनं तो फॉर्म पकडला असता तर डॉक्टरांची नाचक्की झाली असती. त्या दिवसापासून रामदासनं नुसतं ‘थांबा’ म्हटलं तरी मी थांबायचो.

*

म्हसा गावची भारती आमच्यात सगळ्यात हुशार. एक दिवस तिचे वडील, गोविंदभाऊ, काम बघायला आले. स्क्रीनवर भलामोठा जबडा होता.

‘हा मेला का?’

‘नाय बाबा, जिता हाय.’

भाऊंनी स्क्रीनकडे पाठ केली. मग म्हणाले, ‘गावच्या जत्रेपर्यंत कर. तवर पर्मनंटचा कागद आला तर आला, नायतर काम सोडायचं. पाहुणे लग्नाला तयार हायेत.’

भारती परत फॉर्म भरायला लागली. मला मात्र फार वाईट वाटलं, कारण ऑफिसच ट्रायलवर होतं, तिला पर्मनंट कोण करणार? त्याच आठवड्यात लिंडाबाईंनी नाकारलेल्या पाऊण कॅपांचा गठ्ठा पाठवला. विमा कंपनीचं म्हणणं एकच होतं, साधं सिमेंट भरा, कॅपची गरज दिसत नाही. यातले क्लेम पास झाले तर कायमचं काम, नाहीतर शटर खाली.

अपिलं मी लिहिली. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’नं सुरुवात, दोन-दोन पानं. ओळीनं सगळी परत आली.

भारती म्हणाली, ‘सर, मी लिहू?’ तिनं चार ओळी लिहिल्या. दाढेच्या तीन भिंती पोखरल्या आहेत, नुसतं सिमेंट भरलं तर त्या फुटतील. चौथी भिंत चांगली आहे. चांगली भिंत आमच्या गावातही कोणी पाडत नाही.

शेवटची ओळ काढून टाक, म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली, ‘फॅक्स गेला, सर.’

आठ दिवसांनी तो क्लेम पास झाला. त्याच ओळींवर बाकीचा गठ्ठाही सुटत गेला. लिंडाबाईंनी कळवलं की ती गावाची ओळ कुणीही काढू नये. काम कायमचं मिळालं, आणि मालकांनी पहिलं पत्र भारतीच्या नावानं टाइप केलं.

जत्रेच्या पहिल्या दिवशी भाऊ तिला न्यायला आले. खाली जीप उभी होती, जीपमध्ये पाहुणे. भारतीनं पत्र पुढे केलं. भाऊंनी ते उलटसुलट करून बघितलं आणि माझ्याकडे दिलं. मी मराठीत वाचून दाखवलं, भारतीनं लिहिलेल्या अपिलामुळे तिला पर्मनंट केलंय म्हणून.

‘असं काय लिवलंस गो तू?’

‘आपल्या घराचा मागचा कूड, बाबा. तीन भिंतींचे कूड वाळवीनं खाल्ले, ते तुमी नवे बांधले. मागचा चांगला होता, त्याला तुमी हात लावला नाय. तेच लिवलं.’

भाऊंनी पत्राची घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली आणि खिडकीशी जाऊन खाली आवाज दिला,

‘पावनं, तुमी जत्रा फिरून या. पोरगी कामावर हाय.’