बाल्कनीखालचं बाकडं

भूतखेत, करणी, नजर... घरात कोणी या विषयावर बोलायला लागलं की मी टीव्हीचा आवाज वाढवते. शिक्षण सिव्हिल डिप्लोमा, धंदा जुन्या इमारती दुरुस्त करण्याचा. पडक्या जागेत उंदीर, साप आणि माणसांनी केलेली घाण, यापलीकडे काही नसतं, हे माझं ठाम मत. म्हणूनच हे लिहायला लाज वाटते. आणि किळस तर आत्तासुद्धा येतेय.

गेल्या मार्चमधली गोष्ट. नंदुरबारच्या जुन्या भागात एक टॉकीज कितीतरी वर्षं बंद पडली होती. मालकाच्या नातवाला तिथे मंगल कार्यालय करायचं होतं, काम मला मिळालं. आत पाऊल टाकलं आणि ओढणी नाकाला लावली. वटवाघळांच्या विष्ठेचा थर... फाटक्या रेक्झिनमधून लोंबणारा काथ्या, त्यात उंदरांची पिल्लं... आणि भिंती कमरेपर्यंत पानाच्या थुंकीने रंगलेल्या.

मजूर होते तोरणमाळच्या डोंगराकडचे आदिवासी — गुलाबसिंग आणि त्याची बायको सेमलीबाई. दोन दिवसांत आम्ही बाल्कनी उतरवली. जिना काढला, फळ्या काढल्या, वर नुसते लोखंडी गर्डर उरले. त्यांच्याखाली थर्ड क्लासची लाकडी बाकडी तेवढी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप मी स्वतः उघडलं. एका बाकड्यावर ताजी पिचकारी! ओली, लालभडक, कडेवरून ओघळत असलेली.

"लाज नाही वाटत?" मी गुलाबसिंगवर ओरडले. "जिथे राबता तिथेच थुंकता?"

"ताई, मी पान खात नाही."

"मग काय छत थुंकलं? पूस ते!"

त्याने आपल्या गमछ्याने पुसलं. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी पेंटर, प्लंबर सगळे बघत असताना मी त्याला पुसायला लावलं. तो मान खाली घालून पुसत होता, सेमलीबाई मात्र सरळ माझ्याकडे बघत होती. पाचव्या दिवशी दोघं आलेच नाहीत.

त्या दुपारी बाकीचे जेवायला गेले होते. मी त्याच बाकड्यावर बसून मापं लिहीत होते. पत्र्याच्या भोकांतून लख्ख ऊन येत होतं, कोपरान् कोपरा दिसत होता. आणि मानेवर काहीतरी पडलं.

कोमट होतं.

हात लावला — लाल, चिकट, त्यात सुपारीचे तुकडे आणि तंबाखूचा भपकारा. वर पाहिलं. गर्डर आणि पत्रा. कोणी नाही... तिथे कोणी उभं राहू शकेल अशी जागाच नव्हती! तेवढ्यात वरून कोणीतरी घसा खाकरला. दुसरी पिचकारी माझ्या भांगात पडली, आणि दहा-बारा माणसं एकदम हसली. मजेत, पोट धरून.

वटवाघूळ हसत नाही हो.

मी बाहेर धावले आणि गटारापाशी भडाभडा ओकले. समोरच्या घरातून रहीमचाचा पाण्याचा तांब्या घेऊन आले. ते या टॉकीजचे जुने डोअरकीपर, आमच्या घरच्यांना ओळखणारे. माझे केस पाहून त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला.

"बाल्कनीना खाले बसनी व्हती का?"

मी मान हलवली.

"तठे डोंगरना लोके बसेत," चाचा म्हणाले. "दोन दोन दिन पायी चालीसन येत, बिचारा. आन् वरला मोठा लोके मुद्दाम पान खाईसन त्यासना डोकावर थुंकेत. मंग हासेत. मी दारमा उभा ऱ्हाऊ, पन काय बोलनार?"

"कोण लोक?"

"जाऊ दे ना बेटा."

"सांगा ना, चाचा."

"व्यापारी लोके. तुन्हा आजोबाबी बसेत त्यासनामा."

माझे आजोबा मिरचीचे व्यापारी. घरात त्यांच्या फोटोला अजून रोज हार असतो, तो मीच घालायचे. तांब्यातलं उरलेलं पाणी मी केसांवर ओतलं.

चार दिवस मी केस धूत होते. मग गुलाबसिंगचा पत्ता काढला. जवळच्या कोरीट गावात एका शेतात मिरची तोडायचं काम करत होता. बांधावर उभी राहून मी हात जोडले.

"चुकलं माझं. थुंकणारा तू नव्हतास."

"माहीत आहे ताई," तो म्हणाला. "माझ्याबी अंगावर पडत होतं. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

त्याच्याऐवजी सेमलीबाई बोलली, हातातलं काम न थांबवता. "तुमी मानलं असतं?"

कामावर परत या, असं म्हटलं. ते आले नाहीत.

कार्यालय आता सुरू झालंय. फॉल्स सीलिंग आहे, एसी आहे. ते हसणं कोणाचं, ओली थुंकी कुठून... मला आजही कळलेलं नाही. नातेवाइकांच्या तिथल्या लग्नांच्या पत्रिका येतात, मी जात नाही. आणि आजोबांच्या फोटोला हार घालायचं मी आईला सांगून टाकलंय — तू घाल, माझ्याने होणार नाही.