त्याचं नोझल, माझा व्हॉल्व्ह

धूर सगळ्यांना दिसतो. इंजिनाच्या नळीतून काळा धूर यायचा थांबला, की रस्त्याने जाणारा माणूससुद्धा मान वर करतो आणि म्हणतो, काहीतरी सुधारलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चांगला झाला, हे मात्र कुणाला कसं दिसणार? चांगला व्हॉल्व्ह म्हणजे न जळालेला व्हॉल्व्ह. जे घडलंच नाही ते बघायला कोण थांबतं?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्हा दोघांना मिळून एक काम दिलेलं होतं. जुन्या, संथ चालणाऱ्या तेल-इंजिनात काय सुधारता येईल ते करून दाखवायचं. सरांनी वाटणी केली. तेल सिलिंडरमध्ये फवारणारं नोझल माझ्या मित्राकडे गेलं आणि जळका वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह माझ्याकडे आला. सरांच्या ओळखीच्या एका इंजिन कारखान्यात चाचणी विभागात एक जागा होती, आणि आमच्यापैकी एकाचं नाव ते तिथे कळवणार होते. एकाचंच. ती जागा मला हवी होती. इतकी, की तिच्याविषयी मी कुणाजवळ बोलतही नव्हतो.

माझा मित्र ठाण्यातल्या एका वकिलांचा मुलगा. त्याच्या घरी आजोबासुद्धा कॉलेजात गेलेले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. वडिलांचं अर्धं आयुष्य कळव्याच्या मिठागरात आणि खाडीकाठच्या खाजणातल्या भातात गेलं, आणि मग त्यांनी एक जुनं विलायती इंजिन आणून भाताची गिरणी घातली. काम करून बघायला आम्हाला इंजिन हवंच होतं. मी भीतभीत आमच्या गिरणीचं नाव काढलं आणि सरांना ते पटलं. तेव्हा मला वाटलं, इंजिन आमचं आहे, म्हणजे मी थोडा पुढे आहे.

त्या इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दर हंगामात जळायचा. कड खाल्ली जायची, जोर कमी व्हायचा, आणि ऐन गर्दीत गिरणी बंद पडायची. कारण मला पुस्तकातून कळलं होतं. हा व्हॉल्व्ह म्हणजे लांब दांड्याची पोलादी छत्री. तिच्या अंगावरून आगीसारखा वायू जातो. गार व्हायला तिला सवड मिळते ती फक्त बंद होऊन आपल्या बैठकीवर टेकते तेवढीच, कारण बैठकीच्या मागून पाणी खेळत असतं. तापल्यावर दांडा लांबतो, म्हणून त्याच्या टोकाशी थोडी फट सोडावी लागते. फट नसली की लांबलेला व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, कडेने आग निसटते आणि कड जळते.

फट असली की आवाज होतो. टक, टक, टक. वडिलांना तो आवाज खपत नसे. आमच्याकडे गिरणीची किंमत लोक कानांनी करत. इंजिन मुकाट चाललं तर मालक कर्ता, वाजलं तर मालक कंगाल. म्हणून वडील दर वर्षी पाना घेऊन ती फट आवळून टाकत. इंजिन मग असं गोड चालायचं की वडील दारात उभे राहून ऐकायचे.

मी धीर करून म्हणालो, "बाबा, ती फट ठेवायला पाहिजे. व्हॉल्व्ह तापला की लांब होतो. त्याला टेकायला जागा राहत नाही."

"आन् त्यो टकटक आवाज?" वडील म्हणाले. "पलीकडचा गिरणीवाला काय बोलतो ठाव हाय? बोलतो, तुज्या इंजिनाला हिव भरलाय, दात वाजतान त्याचे."

"वाजू देत की."

"तुला काय जातंय बोलायला. तू मुंबईला जातंस. गावात मना ऱ्हावाचं हाय."

वडिलांपुढे माझं दुसरं वाक्य कधी बाहेर यायचंच नाही.

पुढच्या रविवारी मित्र ठाण्याहून खाडीचा पूल चालत ओलांडून आला. पांढरी पँट, बाह्या दुमडलेल्या. वडिलांनी त्याच्यासाठी स्टूल पुसलं, पण तो सरळ भाताच्या पोत्यावर बसला. तेवढ्यानेच त्याने वडिलांना जिंकलं. तो म्हणाला, "काका, ही फट का आवळलीत? व्हॉल्व्ह तापला की लांबतो, त्याला टेकायला जागा हवी ना!"

"आसा हाय काय!" वडील म्हणाले, आणि त्यांनी स्वतः पाना घेऊन नट सैल केला. मग माझ्याकडे वळले. "तू का रं नाय सांगितलास?"

"मी सांगितलेलं, बाबा."

"तू सांगितलास. पन आसा नाय सांगितलास."

मित्र हसला. त्यात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही समजत होतं. पण तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, माझ्या तोंडात हलकं आणि त्याच्या तोंडात जड कसं झालं, ते मी घरी जाताना, जेवताना, झोपताना मनात घोळवत राहिलो. आई म्हणाली, "सायबाचा पोर किती साधा हाय." मी भाताचा घास मोठा घेतला.

तरी काम मी मन लावून केलं. व्हॉल्व्हच्या डोक्याखाली, जिथे ते दांड्याला मिळतं, तिथे जुन्यात तीक्ष्ण कोपरा होता. नव्यात मी तो भरून गोलाई दिली, म्हणजे वायू सरळ निघून जाईल आणि पोलाद तिथे तडकणार नाही. दांडा जिच्यातून सरकतो ती नळी थोडी खाली, डोक्याकडे उतरवली, म्हणजे उष्णता दांड्यातूनही लवकर जाईल. बैठक किंचित रुंद केली. पोलाद जास्त आच सोसणारं निवडलं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कड घासताना मी इतका वेळ लावायचो की मित्र म्हणायचा, "अरे, आरसा करतोयस का त्याचा?"

त्याचं काम पटकन रंगलं. जुन्या नोझलमधून तेल फवारण्याऐवजी थेंबथेंब गळायचं. ते थेंब उशिरा जळायचे, अर्धे जळायचे, आणि काळे होऊन बाहेर पडायचे. त्याने भोकं बारीक केली, स्प्रिंगचा दाब वाढवला, आणि फवारा कागदावर मारून दाखवला. कागदावर धुक्यासारखा एकसारखा गोल उमटला. वर्कशॉपमधली सगळी मुलं बघायला जमली. माझा व्हॉल्व्ह शेजारच्या टेबलावर होता. त्याच्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला.

दसऱ्याच्या आधी आम्ही दोन्ही बसवलं. दसऱ्याला इंजिनाची पूजा असायची. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि चाकापुढे नारळ. मला कळायला लागल्यापासून तो नारळ मी फोडत आलो होतो. त्या वर्षी वडिलांनी नारळ उचलला आणि मित्राच्या हातात दिला.

"सायेब, तुमीच फोडा."

"काका, अहो, तो मान याचा."

"त्यो काय, घरचाच हाय."

मनातल्या मनात मी म्हटलं, फुटू नये. पहिल्या घावाला तरी फुटू नये. तो पहिल्याच घावाला फुटला, बरोबर दोन वाट्या झाल्या. मग इंजिन सुरू केलं. नळीतून काळं काहीच आलं नाही, नुसती हवा थरथरत होती. शेजारची बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. ती ओरडून म्हणाली, "आज तुमचा इंजिन उपाशी हाय काय?" सगळे हसले. वडिलांनी मित्राच्या पाठीवर हात ठेवला. फट होती म्हणून टकटक वाजतच होतं, पण आता ते कुणाला ऐकूच येत नव्हतं.

नवं भात आलं, गिरणी जोरात चालली. ज्या सुमारास व्हॉल्व्ह जळायचा तो सुमार निघून गेला आणि काही झालं नाही. मी मित्राला घेऊन सरांकडे गेलो आणि सांगितलं. माझा आवाज थोडा चढला असावा.

सर म्हणाले, "छान. पण एक सांग. नोझल गळत होतं म्हणून तेल उशिरा जळत होतं, म्हणून बाहेर जाणारा वायू जास्त तापलेला होता. याने नोझल सुधारलं, वायू थंडावला. मग व्हॉल्व्ह टिकला तो तुझ्या कामामुळे हे कशावरून?"

खरं सांगायचं तर तोवर मला ही शंकाच आली नव्हती. माझ्या यशाचासुद्धा अर्धाअधिक भाग आता त्याचाच निघणार होता.

जिना उतरताना मला उपाय सुचला होता. पण तो त्याच्याजवळ कसा मागायचा, याचा मी विचार करत राहिलो. ठाण्याला उतरून तो माझ्याबरोबर खाडीच्या पुलापर्यंत आला आणि तोच म्हणाला, "अरे, सोपं आहे. माझं नोझल काढ, जुनं लाव. फट व्हॉल्व्हच्याच कामात धरायची, आहे तेवढीच ठेव. उरलेला हंगाम तसाच चालव. तरी टिकला तर व्हॉल्व्ह तुझा."

"तुला चालेल?"

"न चालायला काय झालं?"

मला त्याच्या पँटचा हेवा वाटायचा, इंग्रजीचा वाटायचा, वडिलांनी त्याच्यासाठी पुसलेल्या स्टुलाचा वाटायचा. पण सगळ्यांत जास्त हेवा त्या संध्याकाळी वाटला. स्वतःची वस्तू इतक्या सहज बाजूला ठेवता येते, हे मला माहीतच नव्हतं. माझ्याकडे एकच होती. ती मी कुणासाठी बाजूला ठेवली असती, असं मला वाटत नाही.

वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "परत काला धूर?"

"थोडे दिवस, बाबा."

"सायेब बोलला?"

"हो."

"मंग लाव."

मी म्हटलं असतं तर लावू दिलं नसतं. ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

जुन्या नोझलने धूर परत सुरू झाला. शेजारची बाई म्हणाली, "उपास सुटला वाटतं," आणि तिने दोरी घराच्या मागच्या बाजूला बांधली. पलीकडचा गिरणीवाला मुद्दाम येऊन उभा राहायचा. "दात वाजतान, वर विडी पन वढतो तुमचा इंजिन. म्हातारा झाला." वडील त्याच्याशी न बोलता पोती मोजत राहायचे. ते माझ्याकडेही बघत नसत.

शिमग्यानंतर भात संपत आलं तेव्हा आम्ही इंजिनाचं डोकं उतरवलं. मित्र आला होता. मी व्हॉल्व्हच्या मागच्या पोकळीत रॉकेल ओतलं. कड जळाली असेल तर रॉकेल बैठकीतून झिरपून खाली यावं. आम्ही तिघं वाकून बघत होतो. बैठकीची कड कोरडी राहिली. मी व्हॉल्व्ह बाहेर काढला, काजळी पुसली. खाली पोलाद सगळीकडे सारखं, करडं, अखंड.

"जिंकलास, लेका!" मित्र ओरडला.

"जलाला नाय?" वडिलांनी विचारलं.

"नाही, बाबा."

त्यांनी तो हातात घेऊन फिरवून बघितला. नुसते "बरा" म्हणाले. मग धुराचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता, म्हणून त्याच दिवशी मित्राचं नोझल पुन्हा बसवून टाकलं.

परीक्षा झाली. सरांनी आम्हा दोघांचं लिहिलेलं काम वाचलं आणि एका दुपारी मला बोलावलं. पंखा चालू होता आणि त्यांनी कागदांवर डस्टर ठेवलेलं होतं.

"तुझं काम पक्कं आहे," ते म्हणाले. "व्हॉल्व्हचं तू सिद्ध केलंस. पण कारखान्याचं उत्तर आलंय. त्यांना माणूस हवाय तो इंधनाच्या बाजूला. पंप आणि नोझल. मी त्याचं नाव कळवलंय. तुझ्यासाठी दुसरीकडे बघू."

"बरं, सर."

एवढंच म्हणालो. रागवायलाही कुणी नव्हतं. सर खोटं बोलत नव्हते, मित्राने काही हिसकावलं नव्हतं. तो व्हरांड्यात माझी वाट बघत होता. "मला कसंतरीच वाटतंय रे," तो म्हणाला. मी त्याचं अभिनंदन केलं. हसू मात्र वेळेवर आलं नाही, थोडं मागाहून आलं. तेही त्याने पाहिलं असणार.

कळव्याला पोचलो तेव्हा गिरणी चालू होती. एका म्हातारीचं शेवटचं पोतं भरडून होत होतं. वडिलांनी माझं तोंड बघितलं. कारखान्यातल्या जागेचं मित्राने कधीतरी त्यांना सांगितलेलं होतं.

"नोकरी त्याला मिलाली?"

"हो."

त्यांनी म्हातारीचं पोतं बांधून दिलं, तिला दारापर्यंत सोडलं, आणि परत येऊन इंजिन बंद केलं. चाक हळूहळू फिरत थांबलं. मग त्यांनी भिंतीवरचा पाना काढला आणि माझ्यापुढे धरला.

"काढ त्याचं नोझल. आपला जुना हाय तो लाव."

दसऱ्याला ज्याच्या हातात नारळ दिला, त्याच्याविषयी ते बोलत होते. शेजारणीचे कपडे, पलीकडच्या गिरणीवाल्याची बडबड, काळा धूर, सगळं त्यांना चालणार होतं. त्यांचा चेहरा तापलेला होता. तो मला ओळखीचा वाटला, कारण वर्षभर माझा तसाच होता.

पाना माझ्या हातात आला. एक नट, दोन नट, की निघालं असतं. मला ते फार करावंसं वाटत होतं.

"नको, बाबा," मी म्हणालो. "नोझल चांगलं आहे त्याचं."

"चांगला हाय?"

"चांगलं आहे. तेल कमी लागतं. व्हॉल्व्हलाही बरं पडतं."

वडिलांनी इंजिनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाना परत घेतला आणि भिंतीवर अडकवला.

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पन चांगला हाय आसा त्याला सांगू नको."