मी नाही असं धर

माझे मामा आयुष्यभर एका कंपनीत लिफ्ट दुरुस्त करत होते. माणूस तसा सरळ, पण पैशाच्या बाबतीत चक्रम. अमक्या बँकेत व्याज पाव टक्का जास्त मिळतं असं कानावर आलं, की निघाले तिथे खातं उघडायला. निवृत्त झाले तेव्हा सात बँकांत खाती, ठेवी इकडे थोड्या तिकडे थोड्या, आणि हा सगळा पसारा फक्त त्यांच्या डोक्यात. मामींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. घरखर्चाचे पैसे कपाटातल्या डब्यात असतात, एवढंच त्यांचं अर्थशास्त्र.

मग मामांच्या हृदयाची कुरकुर सुरू झाली. या वयात शस्त्रक्रिया नको, जपा, असं डॉक्टर म्हणाले, आणि जपा म्हणजे काय ते मामांना बरोबर समजलं. आपल्यामागे ही बाई सात बँकांचे उंबरे झिजवणार, या विचाराने त्यांची झोप उडाली. त्यांना मूलबाळ नाही. मी एक भाची, तीही लांब राहणारी.

निवृत्तीच्या फंडाची रक्कम अजून काढायची होती. ती एकरकमी घेऊन नीट गुंतवली असती तर बरंच जास्त मिळालं असतं. मी तसं सुचवलंही. जास्त मिळेल गं, पण ते सांभाळायचं कुणी, असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं. सगळ्या ठेवी मोडल्या, व्याजावर पाणी सोडलं आणि घराजवळच्या एकाच बँकेत दोघांच्या नावाने खातं ठेवलं. फंडातून दरमहा ठरावीक रक्कम तिथे जमा होईल आणि त्यांच्यानंतर मामींना मिळत राहील, अशी सोय केली. पाव टक्क्यासाठी चपला झिजवणाऱ्या माणसाने हे केलं, याचा मला फार अभिमान वाटला.

पण एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले. लिफ्ट दुरुस्त झाली की माणूस चढवण्याआधी ती रिकामी वरखाली फिरवून बघायची, ही त्यांची कामाची रीत. तीच त्यांनी घरात लावली.

"महिनाभर मी नाही असं धर," ते मामींना म्हणाले. "पैशाचं मला काही म्हणजे काही विचारायचं नाही."

मामी भडकल्या. असलं अभद्र घरात बोलू नका म्हणाल्या आणि अबोला धरला. पण मामा कुठले ऐकतात. शेवटी त्या एकट्या बँकेत गेल्या. सही जुळत नाही म्हणून त्यांना परत पाठवलं, मशीनमध्ये कार्ड अडकलं. घरी येऊन त्या नवऱ्याकडे बघायच्या, तर हे वर्तमानपत्राआड. जीव तुटतो गं, पण बोलत नाही, असं मामा मला फोनवर सांगायचे.

हळूहळू मामी तयार झाल्या. विजेचं बिल, डॉक्टरांची फी, सगळं जमायला लागलं. मग त्यांनी परस्पर प्लंबर बोलावून गळका नळ बदलून घेतला. अडचण होते म्हणून मामांची आरामखुर्ची बाल्कनीत गेली. पुढे पुढे तर आज भाजी काय आणू, एवढंही त्या विचारेनाशा झाल्या.

महिना संपला तेव्हा मी तिथेच होते. मामी भाजी निवडत होत्या. मामा खुशीत येऊन म्हणाले, झाली परीक्षा, पास झालीस, आता पूर्वीसारखं विचार काय ते.

मामी निवडतच राहिल्या. "काय विचारू? तुम्ही नाही असं धरल्याशिवाय माझं पाऊलच उचलायचं नाही. रोज सकाळी न्हाणीघरात नळ सोडून रडून घ्यायचे, मग बाहेर पडायचे. आता माझं रडून झालंय. तुम्ही समोर बसलात तरी घरात एकटीच आहे असं वाटतं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला दोघांवरही ओरडावंसं वाटत होतं. मग मामा उठले, शर्ट चढवला आणि दाराशी घुटमळले.

"शंभर रुपये देतेस? दाढी करून येतो."

मामींनी हात पुसले आणि पर्समधून नोट काढून दिली. लवकर या, एवढंही त्या म्हणाल्या नाहीत.