दुपारची सोबत

पिंजऱ्याचं दार उघडण्यापूर्वी मामा जाळीवर टिचकी मारायचे आणि आतल्या उंदराला विचारायचे, "येऊ का, पावणं?" उत्तराची वाट पाहिल्यासारखे क्षणभर थांबायचेही. जनावराशी अशी अदबीनं बोलणारी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागामागच्या खोलीत पांढरे उंदीर पाळलेले असत. ते सांभाळणारे शिपाई म्हणजे मामा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे एमएस्सी करत होते. इंग्रजी शाळेतून आलेली, मराठीत अडखळणारी, म्हणून बोलणंच टाळणारी. "ताई, तुमच्या तोंडाची कडी पिंजऱ्यापरीस घट्ट हाय की," ते म्हणायचे.

विभागातल्या मॅडमच्या मार्गदर्शनाखालचा माझा प्रयोग आक्रमकतेवर होता. नर उंदीर महिनाभर एकटा ठेवायचा, मग त्याच्या पिंजऱ्यात अनोळखी नर सोडायचा आणि तो किती वेळा चावतो ते लिहायचं. मामांना हे मुळीच पसंत नव्हतं. "एकट्याला कोंडल्यावर माणूस बी चावंल."

एकदा बाटल्या धुताधुता त्यांनी विचारलं, "ताई, राग रक्तातच असतो व्हय?"

त्यांचे वडील मारकुटे. मामांनीही मुलाला एकदा पट्ट्यानं इतकं मारलं होतं, की तो घर सोडून कागलला एमआयडीसीत कामाला लागला. आता त्याला मुलगा झाला होता आणि बारशाचं बोलावणं त्यानं स्वतः येऊन दिलं होतं. "माझा बा तसला, मी तसला. नातवाला हात लावावा का न्हाय, सांगा."

इतकं खासगी कोणी बोललं की मी वहीत डोकं घालते. तेव्हाही घातलं आणि पुस्तकातलं वाक्य मराठीत करून सांगितलं, "बराचसा आनुवंशिक असतो, मामा."

"म्हंजे रक्तातच की," म्हणून ते बाटल्या धूत राहिले. बारशाला गेले नाहीत.

पुढे प्रयोग बिघडला. खालच्या फळीवरचे उंदीर चावेचनात. एका दुपारी मी लवकर गेले, तर तिथल्या एका पिंजऱ्यात दोन उंदीर एकमेकांच्या अंगावर गाढ झोपलेले.

"भाऊ-भाऊ हायती," मामा ओशाळून म्हणाले. "पहिल्या दिवसापास्नं दुपारची जरा सोबत. सांजच्याला परत वेगळं करतोय. वरची फळी मॅडमच्या खिडकीतनं दिसती, न्हायतर त्यास्नी बी..."

मी खोलीतून बाहेर पडले. मॅडमना चिठ्ठी लिहिली. आठवड्याभरात मामांची बदली ऑफिसात झाली. खालच्या फळीचे आकडे मी वहीत खोडून टाकले.

ते नीट वाचले चार वर्षांनी, दुसऱ्याच कामासाठी वही उघडली तेव्हा. वरचे आणि खालचे, सगळे एकाच बापाचे. एकटे राहिलेले चावले होते, सोबत मिळालेले नाही. मामांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच अक्षरात होतं आणि त्यावर माझीच रेघ.

मामा निवृत्त होऊन कुरुंदवाडजवळच्या गावी गेले होते. एसटीत मी वाक्य घोकत गेले. अंगणात उभ्या उभ्याच म्हणाले, "मामा, मी तेव्हा चुकीचं सांगितलं. सगळं रक्तात नसतं. तुम्ही बारशाला जायला हवं होतं."

ते हसले. "चुकीचं कसं, ताई? न्हाय गेलो, म्हणून तर पोरगं सुखात वाढतंय की."

मग आतून नातवाचा फोटो आणला. बालवाडीच्या गणवेशातला, मुलानं पाठवलेला. मी हात पुढे केला, पण त्यांनी तो स्वतःच धरून ठेवला, कडेला दोन बोटांत, चेहऱ्याला कुठे हात लागणार नाही असा.