दादाची गाडी का तापायची

दादाने लिलावात लष्कराचा जुना ट्रक घेतला, तेव्हा त्याचं पेट्रोल इंजिन पार खलास झालेलं होतं. दादाने त्या जागी दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलं आणि मुलुंडहून विटांची भाडी मारायला लागला. मोकळ्या रस्त्यावर गाडी छान पळायची. बाजारात हळू चालवावी लागली, की इंजिन तापायचं आणि रेडिएटरमधलं पाणी उकळायचं. दादाने रेडिएटर सोड्याने धुतला, नळ्या बदलल्या, पाण्याचा पंप खोलून पुन्हा बसवला. काही उपयोग झाला नाही. मग वहिनी रोज सकाळी पाण्याचे डबे भरून गाडीत ठेवायची. ही गाडी नाही, म्हैस आहे, डबक्यातच बसवा तिला, म्हणून ती दादाला चिडवायची.

वहिनीला सातवा महिना लागला होता. एका दुपारी अचानक तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं. सुईण म्हणाली, हे माझ्या हातातलं नाही, परळच्या इस्पितळात न्या. दादाने तिला पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं. भांडुपपर्यंत बरे गेलो. पुढे बैलगाड्यांच्या मागे अडकलो, आणि घाटकोपरच्या बाजारात बॉनेटमधून वाफ यायला लागली.

इंजिन निवेपर्यंत थांबणं भागच होतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर ते तडकतं. तरी दादाने डबा उचलला. वहिनीने डोळे उघडले.

"अहो, घाई करू नका," ती म्हणाली. "तडकेल ते."

त्यानंतर ती काही बोलली नाही. डबा खाली ठेवून दादा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि येईल त्या गाडीला हात करू लागला. शेवटी एका टॅक्सीवाल्याने आपला उतारू उतरवून आम्हाला घेतलं. शीव यायच्या आधीच वहिनीचा हात माझ्या हातात सैल पडला. मी दादाला सांगितलं नाही. पुढे बसून तो टॅक्सीवाल्याला जवळचा रस्ता सांगत होता.

मूलही वाचलं नाही.

तेरावं झाल्यावर दादाने बॉनेट उघडलं. इंजिन चालू करून त्याने वर्तमानपत्राचं पान रेडिएटरच्या समोर धरलं. पंखा हवा नीट ओढत असता तर कागद जाळीला चिकटला असता. त्याने हात काढला आणि पान खाली घसरलं. नवं इंजिन जुन्यापेक्षा आखूड होतं. त्यामुळे पंखा रेडिएटरपासून वीतभर मागे पडला होता आणि नुसती आजूबाजूची हवा ढवळत होता. वेगात असताना समोरच्या वाऱ्यावर भागायचं, हळू झालं की नाही.

त्याने रॉकेलचे डबे कापून पंख्याभोवती पत्र्याचं कडं केलं आणि ते रेडिएटरला जोडलं, म्हणजे पंखा हवा रेडिएटरमधूनच ओढेल. जेवायच्या आत काम झालंसुद्धा.

मग गाडी विटांनी भरून तो मला म्हणाला, चल. घाटकोपरला तो मुद्दाम हातगाड्यांच्या मागे रखडत राहिला. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. बाजारात त्याने गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही.

"एवढंच होतं गं," तो म्हणाला.

तोवर तो कुणासमोर रडला नव्हता. आता स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो रडत राहिला, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले.

पुढे बरीच वर्षं त्याने ती गाडी चालवली. ती पुन्हा तापली नाही. आईने दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, की तो पानावरून उठून बाहेर जायचा.