न धुतलेली बाटली

दूध उतू जायच्या बेतात होतं. काकू एका हाताने गॅस बारीक करत दुसऱ्या हाताने खिडकीची कड पुसत होत्या. कडेवरच्या काचेच्या बाटलीपाशी फडकं आलं की थबकायचं, वळसा घालून पुढे जायचं. बाटलीला धक्का न लावता भोवतीने पुसायला त्या दोन महिन्यांत शिकल्या होत्या.

दारावर थाप पडली. त्या घराला थापेची सवय नव्हती. काका होते तोवर अंगणातूनच खाकरत यायचे. शेजारपाजारचे तर आधी हाक, मागून पाऊल. थाप म्हणजे सरकारी माणूस.

दूध उतू गेलंच.

दारात चौकशी समितीच्या इंजिनिअर बाई होत्या, काखेत फाईल, चपलांना चिखल. "ताई, सकाळी सकाळी त्रास देते. पुढच्या आठवड्यात अहवाल जायचाय. धरणाच्या चौकीदाराने धोका आधी कळवला होता का, तेवढा एक रकाना कोरा आहे. कचेरीत कागद सापडत नाहीत. घरी काही आहे का?"

तो रकाना काकूंना न बघताच पाठ होता. धरण फुटलं तेव्हा खालच्या वस्तीतली माणसं वाचली, पण घरं गेली, शेतं खरवडून निघाली. आणि घर गेलेल्या माणसाला कुणाकडे तरी बोट दाखवायचं असतंच. चौकीदाराला आधी कसं दिसलं नाही? काय करत होता तो?

काय करत होते काका? सव्वीस वर्षं तेच करत होते. लोकांना तो मातीचा बांध वाटायचा. काका सकाळी त्याच्याकडे असे जायचे, जशी सून आजारी सासूच्या खोलीत जाते. भरावावर झुडूप उगवलं की मुळासकट उपटायचं, नाहीतर मूळ कुजून पाण्याला वाट मिळते. उंदराचं बीळ दिसलं की चिकणमाती ठोकून बुजवायचं. शेवटी पायथ्याच्या दगडी नालीतून पाझराचं पाणी बाटलीत भरायचं, चिकटपट्टीवर पेन्सिलीने तारीख लिहायची आणि बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. उजेड तिथेच चांगला.

"मातीचं धरण पाझरायचंच," ते लेकीला सांगायचे. "माणसाला घाम येतो तसं. नितळ आहे तोवर घोर नाही. तळाशी गाळ बसला की समजायचं, आतली माती निघाली."

जन्मात घोटभर न घेतलेल्या ह्या माणसाला सगळी वस्ती 'बाटलीवाले' म्हणायची.

"काय बाटलीवाले, आजची कशी आहे?"

"नितळ! तुझ्या डोक्यासारखी. आत काही म्हणजे काही नाही."

मग ह्या वर्षी एका संध्याकाळी बाटलीच्या तळाशी नखभर गाळ दिसला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. काकांनी त्या बाटल्या न ओतता ओळीने मांडल्या. अर्ज लिहिला, कचेरीत साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

"पोच घेतलीत का?" काकूंनी विचारलं.

"अगं, साहेब ओळखीचे. पोच मागायची म्हणजे त्यांना तोंडावर खोटं पाडल्यासारखं."

वार्षिक पाहणी नुकतीच झाली होती. भरावावरून चार पावलं, एक चहा, शेरा 'समाधानकारक'. साहेब म्हणाले, बघू. काका आणखी दोनदा अर्ज देऊन आले. दोन्ही वेळा पोच नाहीच.

बाटल्या नऊ झाल्या, त्या दिवशी लेकीच्या सासरची माणसं यायची होती. काकूंनी घर लख्ख केलं. खिडकीतली ती गढूळ रांग त्यांच्या डोळ्यांत खुपली. पाहुणे काय म्हणतील? बाटल्या ओतल्या, साबणाने घासल्या, चिकटपट्ट्या नखाने खरवडल्या आणि ओट्यावर पालथ्या घातल्या.

काका आले. पालथ्या बाटल्यांकडे बघत उभे राहिले. काकूंचा चेहरा बघून हसले. "चकाकल्यात अगदी. वरातीला न्यायच्या का?" मग म्हणाले, "असू दे गं. पाणी कुठे पळून जातंय? उद्यापासून पुन्हा भरतो."

दुसऱ्या सकाळी त्यांनी एक बाटली भरून आणली. गाळ बसायची वाट बघावीच लागली नाही. "चहा झाकून ठेव," म्हणाले आणि पळत निघाले. आधी खालच्या वस्तीत, दारोदार ओरडत. मग परत वर, पाणी सोडायचं दार उघडायला. त्या दाराचं चाक फिरवतानाच भराव खचला.

चहा दुपारपर्यंत झाकलेलाच होता.

"घरी ही आहे," काकू म्हणाल्या आणि खिडकीकडे बोट केलं. वर पिवळसर पाणी, खाली दोन बोटं गाळ, पट्टीवर त्या दिवसाची तारीख.

बाईंनी वाकून पाहिलं. "ही त्याच सकाळची. आधीच्या?"

लेकीने फोनवर बजावलं होतं, आई, बाकीच्या नालीपाशीच होत्या, वाहून गेल्या म्हणून सांग. काकूंनी उतू गेलेल्या दुधाकडे पाहिलं. "नऊ होत्या," त्या म्हणाल्या. "मी धुतल्या. माझ्या ह्या हातांनी."

बाईंनी फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं. मग हळूच म्हणाल्या, "तुमचा जबाब लिहून घेते, ताई. अगदी शब्दाला शब्द. पण बायकोचा जबाब... पुराव्यात कितपत धरतील, सांगवत नाही. ही बाटली मात्र न्यावी लागेल."

"न्या. त्यांनी बघितलं होतं, एवढं तरी त्यातून दिसू दे."

जबाब झाला. काकूंनी सही केली, बाटली स्वतः उचलली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. गाळ हलला, वर आला, सगळं पाणी पुन्हा त्या सकाळसारखं झालं. टॉवेलमध्ये गुंडाळून त्यांनी ती बाईंच्या हातात दिली.

बाई अंगणापर्यंत गेल्या, तशी काकूंनी हाक मारली.

"बाई, तपासून झालं की तेवढी बाटली परत द्या. आणि धुऊन देऊ नका."